टक वाजलं की बोलायचं

उस्ताद, तुम्ही मला फसवलं. एक-दोन दिवस नाही, दहा-अकरा वर्षं फसवलं, आणि काकूंनी त्यात तुम्हाला साथ दिली. हे मी तुमच्या तेराव्याला, तुमच्याच दारात, जेवायला जमलेल्या लोकांसमोर मोठ्यानं बोललो. कुणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी म्हटलं, जिवंतपणी सापडले असते तर तेव्हाच बोललो असतो.

मी आदिलाबादच्या मार्केटात भाजीची अडत चालवतो हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याशी भाव करायला लोक दोघं मिळून येतात, एकट्यानं येत नाहीत. मी हरलेले सौदे मला पाठ आहेत, जिंकलेले मी लक्षात ठेवत नाही. त्यातून एकच जिंकलेला सौदा मी बाळगून होतो आणि चहा पिता पिता शंभर जणांना सांगितला होता : बेल्लमपल्लीच्या उस्तादांना मी वादात हरवलं. शिकवणारा समोर बसलेला नसला तरी, नुसत्या कॅसेटवर परकी बोली बोलायला येते, हे मी त्यांना करून दाखवलं. आता कळतं की तो सौदा मी जिंकलाच नव्हतो. तुम्ही मला जिंकू दिलं होतं. माझ्यासारख्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही, आणि याचाच मला राग आहे.

पण आधी तुमचं देणं बोलतो. राग नंतर.

तेव्हा आमच्याकडे आखातातल्या सगळ्या देशांना एकच नाव होतं, दुबई. तामसीतून, बाजारहत्नूरहून, लोक दुबईला जाऊ लागले होते. परत आलेला प्रत्येक जण एकच सांगायचा : तिथं ज्याला बोलता येत नाही तो उन्हात ओझं उचलतो, ज्याला बोलता येतं तो सावलीत उभा राहतो. मी माळव्याची टोपली डोक्यावर घेऊन मोठा झालो. ओझं मला पुरेसं झालं होतं. मला तिथं जाऊन विकायचं होतं, आणि विकायचं म्हणजे बोलायचं होतं. तेवढ्यात कुणी सांगितलं की बेल्लमपल्लीत खाणकामगारांच्या क्वार्टरांमागे आपल्याच तामसीकडचा एक माणूस राहतो. आधी खाणीत सुरुंग लावायचा, मग बरीच वर्षं दुबईकडच्या दगडखाणीत होता, आता रविवारी अरबी बोलायला शिकवतो. त्याला सगळे उस्ताद म्हणतात.

पहिल्या रविवारी मी बसनं पाच तास अंग मोडून घेऊन पोचलो तेव्हा सतरंजीवर तिघं आधीच बसले होते. तुम्ही मला उठवून दारासमोर बसवलं. म्हणालात, ''तोंड उजेडात ठेव.'' मग शिकवायच्या आधीच तुम्ही माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. द्राक्षाला अरबीत जो शब्द आहे, इनब, त्यातला पहिला आवाज आपल्या भाषेत नाही, तो गळ्याच्या पार तळातून काढावा लागतो. मी काढला. तुम्ही मान हलवली. पुन्हा काढला. बोटं तशीच. मला गुदगुल्या होत होत्या आणि संतापही येत होता.

''मी काय बैल हाय, चाचपून पाहाले?'' मी म्हटलं.

''बैलाचे दात पाहतेत,'' तुम्ही म्हणालात. ''म्या गळा पाहून राह्यलो. दात तुले नंतर दाखवाचे हायत, गिऱ्हाइकाले.''

ते तिघं हसले. चुलीपाशी बसलेल्या तुमच्या घरच्या, सरूकाकूही हसल्या. मी तिथंच ठरवलं की हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे.

तुमची पद्धत अशी : तुम्ही एक वाक्य म्हणायचात, मग समोरच्या लाकडी स्टुलावर बोटाच्या पेरानं टक करायचात, आणि टक वाजलं की आम्ही तेच वाक्य म्हणायचं. टक व्हायच्या आधी तोंड उघडलं की तुम्ही रागवायचात. टक झाल्यावर गप्प राहिलं तर जास्त रागवायचात. तोवर तुमचे डोळे आमच्या ओठांवरून हलत नसत. संध्याकाळ झाली, उजेड कमी झाला की तुम्ही शिकवणं बंद करायचात, मध्येच, वाक्य अर्धं टाकून. आम्हाला वाटायचं, उस्तादांचा नियम कडक आहे.

तिसऱ्या रविवारी तुम्ही माझ्याकडून कांद्याचा शब्द, बसल, चाळीस वेळा म्हणवून घेतला. बाकीचे पुढं गेले, मी कांद्यातच. पाणी प्यायचं निमित्त करून मी माठाकडे वळलो आणि भिंतीकडे तोंड करून तुम्हाला एक शिवी दिली. हळू दिली नाही. आमच्या तामसीत शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर ऐकू जाते तशी दिली. सतरंजीवरचे तिघं दगड झाले. मी वळलो तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, ''पाणी पेला का? चल. बसल.'' मी मान खाली घालून बसलो आणि कांदा म्हणालो, आणि त्या वेळी तो बरोबर आला. त्या दिवसापासून मी तुमच्या सहनशीलतेचं कौतुक करत आलो, उस्ताद. माझ्या हमालावर मी ओरडतो तेव्हा कधी कधी तुमची आठवण येऊन गप्प बसतो. एका शिवीला एवढं मोठं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

सहा रविवार झाल्यावर मात्र मला परवडेना. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि तो बसमध्ये जात होता. फी म्हणून दर वेळी वांग्यांची पिशवी आणायची हा आपला करार होता, त्यात मला काही जड नव्हतं. पण मी नसलो की माझ्या जागेवर दुसरा टोपली मांडायचा. म्हणून मी नवा सौदा मांडला. तुम्ही कॅसेटवर धडा बोलून बसच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. मी ऐकून, माझं बोलणं वेगळ्या कॅसेटवर भरून, वांग्यांसोबत परत पाठवायचं. तुम्ही माझ्या चुका पुढच्या कॅसेटवर सांगायच्या. बस रोज जातच होती, ड्रायव्हर ओळखीचा होता, आणि बसस्टँडसमोरचा हॉटेलवाला कॅसेट ठेवून घ्यायला तयार होता.

तुम्ही नाही म्हणालात. साफ नाही.

मी वाद घातला. मशीन दमत नाही. एक वाक्य शंभर वेळा सांगतं आणि चिडत नाही. रस्त्यात, शेतात, जेवताना ऐकता येतं. तुम्ही म्हणालात, बोली कानात नसते, दोन तोंडांच्या मधी असते. मी म्हटलं, हे बोलायला बरं आहे. तेव्हा तुम्ही बैलबाजाराची गोष्ट काढली. आपल्याकडे दलाल रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून बैलाचा भाव करतात. तोंडातून अवाक्षर निघत नाही आणि सौदा होतो.

''तोंड न उघडता सौदा होते,'' तुम्ही म्हणालात, ''काऊन का मानूस मानसाच्या समोर उभा हाय. आन तू मले सांगून राह्यला का डबीतून बोली येते.''

माझे मुद्दे संपले की मी लागेल असं बोलतो. मी म्हटलं, ''उस्ताद, तुमी कॅसेटले भेता. तुमच्याबिगर लोकं शिकले तर तुमाले इचारन कोन?''

तुमचा चेहरा उतरला. मी पाहिलं. भाव करताना समोरच्याची पकड सुटलेली मला लगेच कळते. तुम्ही काकूंकडे पाहिलं. काकूंनी भाकर थापता थापता मान हलवली, हो अशी. मग तुम्ही म्हणालात, ''बरं. पाठव कॅसेट.'' मी परतीच्या बसमध्ये गाणं म्हणत आलो.

पहिली कॅसेट कोरी आली. अख्खी कोरी. मी तीन वेळा उलटून पालटून ऐकली, नुसती खरखर. मी तणतणत चिठ्ठी पाठवली की वांगी भरलेली जातात आणि कॅसेट रिकामी येते, हा कुठला न्याय. तुमचं उत्तर आलं : मशीन खराब होतं, आता नीट आहे. दुसऱ्या कॅसेटमध्ये तुमचा आवाज आला, पण एवढा मोठा की माझी म्हैस बिथरली. हळूहळू आवाज बेताचा झाला. वाक्य, मग टक, मग मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत मी बोलायचो. ती जागा कधी कमी पडली नाही, कधी उरली नाही. लांब वाक्याला लांब, छोट्याला छोटी. मी गावात सांगायचो की बघा, उस्तादांचा अंदाज कसा सोन्यासारखा आहे.

आणि चुका. काय चुका काढायचात तुम्ही. ''तिसऱ्या वाक्यात तू मधीच दम घेतला. गिऱ्हाइकाले वाटन का तू भाव वाढवून सांगून राह्यला.'' ''भेंडी म्हनताना ओठ पुरे मिटत नाई तुये.'' मी चकित व्हायचो. ओठ मिटले नाहीत हे कॅसेटवरून कसं कळतं? मी त्याचंही श्रेय मशीनला दिलं. मला वाटलं, एवढंसुद्धा जर डबीतून कळतं, तर समोर बसायची गरज ती काय.

मग तो लॉजवरचा टेलिफोन. हा किस्सा मी तुम्हाला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी तुम्ही हात जोडायचात. पण आज शेवटचा ऐका. आदिलाबादच्या लॉजवर एजंट आला होता. शारजाच्या भाजीमार्केटातल्या व्यापाऱ्याला एक विकणारा माणूस हवा होता, आणि तो स्वतः टेलिफोनवर बोलून पारखणार होता. कॉल लागायला सकाळची दुपार झाली. तुमचे ते सतरंजीवरचे तिघं माझ्याआधी उभे होते. समोर बसून शिकलेले, माझ्यापेक्षा चांगले. पण रिसीव्हर कानाला लावला आणि तिघांची वाचा गेली. ते रिसीव्हरकडे पाहायचे, एजंटकडे पाहायचे, मला वाटतं तुमचं तोंड शोधायचे. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले. आवाज आला, थांबला. माझ्या डोक्यात टक वाजलं. मी बोललो.

तो म्हणाला, गोण्या उचलाव्या लागतील. मी म्हटलं, विकीन, उचलणार नाही. तो म्हणाला, थोड्या उचल. मी तुमच्याच धड्यातले दोन शब्द वापरले, भाव ठरत आला की तिकडे जे विचारतात ते : आखिर कलाम? म्हणजे शेवटचा शब्द सांगा. तो पलीकडे हसायला लागला. मी निवडला गेलो.

तिथून मी थेट बेल्लमपल्लीची बस धरली. तुमच्यासमोर बसून सगळं सांगितलं आणि म्हटलं, उस्ताद, आता कबूल करा. तुम्ही म्हणालात, ''तू टेलिफोनशी बोलला. मानसाशी बोलला का अजून?'' मी म्हटलं, हरलेला माणूस असंच बोलतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, बरं बाबा, तू जिंकला. सगळ्यांसमोर म्हणालात. मी ते धरून ठेवलं.

आता मी एक सांगतो, जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणजे फसवणूक एकट्या तुमचीच नव्हती.

शारजात पहिला महिना मी सपशेल पडलो. शब्द सगळे होते. गिऱ्हाईक समोर आलं की मी बोलायचो, बरोबर बोलायचो, पण सवयीनं डोळे खाली, भेंडीच्या ढिगावर. मला माणूस नको असायचा, आवाज हवा असायचा. एक म्हातारा रोज यायचा. एके दिवशी त्यानं मला विचारलं, तू माझ्याशी बोलतोस की भेंडीशी? आजूबाजूचे दुकानदार हसले. लोक म्हणू लागले की हा नजर चोरतो, याच्या तराजूत काहीतरी आहे. माझ्या तराजूत! मालकानं मला गोण्यांकडे पाठवायचं जवळजवळ ठरवलं होतं.

त्या आठवड्यात मला तुमची खोली आठवली. दार, उजेड, तुमचे ओठांवर खिळलेले डोळे. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही पाहायचात तसं, लाज न बाळगता. आणि उस्ताद, मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तो भाव ऐकून तोंडानं नाही म्हणतो, पण त्याआधी ओठाचा एक कोपरा हो म्हणून गेलेला असतो. मी अर्ध्या शब्दावर सौदा पक्का केला. म्हातारा म्हणाला, आज भेंडी सोडली वाटतं. तिथून पुढं मला कुणी गोणी उचल म्हटलं नाही. मला सावलीत उभं केलं ते त्या सहा रविवारांनी. कॅसेटनं मला दारापर्यंत नेलं, आत नेलं ते तुमच्या सतरंजीनं. हे मला तिथंच कळलं होतं. परत येऊन सांगायला तोंड झालं नाही, कारण मग तो जिंकलेला वाद हातचा गेला असता.

सांगितलं नाही, उलट सुटीवर आलो तेव्हा तुमच्यासाठी दोन कॅसेटवाला मोठा टेपरेकॉर्डर आणला. विमानतळावर कस्टमवाल्याशी भांडून सोडवला आणि बसमध्ये लेकरासारखा मांडीवर घेऊन बेल्लमपल्लीला आणला. म्हटलं, वादात हरलेल्याला बक्षीस. तुम्ही तो त्याच स्टुलावर ठेवला. मी माझी जुनी कॅसेट लावली, आवाज पूर्ण वाढवला. तुम्ही स्पीकरवर तळहात ठेवला, पाण्यावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणालात, ''लई साफ हाय.'' काकू म्हणाल्या, ''हो, लई साफ हाय,'' आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, एवढी मोठी भेट पाहून त्यांना भरून आलं. काकूंसाठी मी साबणाची एक वडी आणली होती. तीही खास आणलेली नव्हती, बॅगेत उरली होती.

पुढं शारजा सोडून मी आदिलाबादला अडत टाकली, आणि मग तुम्ही गेल्याचा निरोप आला, त्याच बसच्या ड्रायव्हरकडून. पोचायला मला उशीर झाला. तेराव्याला मात्र सकाळीच आलो. जेवणं व्हायची होती. मी काकूंना म्हटलं, एखादी जुनी कॅसेट लावा, उस्तादांचा आवाज ऐकू. काकूंनी पत्र्याची पेटी आणली. त्यात तुमचा आवाज एकाही कॅसेटवर नव्हता, त्या सगळ्या माझ्याकडे. पेटीत माझ्या कॅसेट होत्या. मी शारजाहून भरून पाठवलेल्यासुद्धा, ज्यांत धडा नव्हताच, नुसत्या माझ्या बढाया होत्या. प्रत्येकीवर काकूंनी कापडाची चिंधी बांधलेली. मी म्हटलं, ''उस्ताद बसून ऐकत असतील, नाही का हे?''

काकू पेटीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, ''ते काय आयकतीन? त्याहीले कुठी आयकू येत होतं.''

मला कळलं नाही. मी म्हटलं, शेवटी शेवटी का?

''दुबईहून आले तवाच एक कान गेलता. तुमी येवाले लागले त्या साली दुसराबी गेला. त्या जुन्या सुरुंगायनंच.'' मग म्हणाल्या, ''कोनाले सांगाचं नाई म्हने. भैऱ्याजवळ बोलाले शिकाले कोन येईन?''

उस्ताद, मी तिथं बसल्या जागी अकरा वर्षं उलटी मोजली. गळ्यावरची बोटं. तोंड उजेडात ठेव. संध्याकाळी अर्ध्यावर सोडलेली वाक्यं. कोरी कॅसेट, आणि ती म्हैस. मी तुम्हाला म्हणालो होतो, तुम्ही कॅसेटला भिता. आता कळलं की मी कुठं बोट घातलं होतं. आणि ती शिवी! तुमची सहनशीलता! माझ्या तोंडून निघालंच, ''मंग म्या शिवी देल्ली ते...''

''म्या आयकली होती ना,'' काकू म्हणाल्या. ''म्या नाई सांगतली त्याहीले.''

म्हणजे ज्या मोठ्या मनाचं मी इतकी वर्षं कौतुक केलं, ते त्या घरात होतं खरं. फक्त सतरंजीवर नव्हतं, चुलीपाशी होतं.

मग मी विचारलं की माझ्या चुका कोण काढायचं. काकूंनी सांगितलं नाही, करून दाखवलं. त्यांनी माझी एक कॅसेट लावली. माझं पंचविशीतलं बोलणं सुरू झालं, चुकांसकट. एक वाक्य झालं की काकूंनी मशीन थांबवायचं, तुमच्या रिकाम्या जागेकडे तोंड करायचं, आणि तेच वाक्य म्हणायचं. जसंच्या तसं. माझा मध्येच घेतलेला दम, माझे अर्धवट मिटलेले ओठ, माझा नाकात गेलेला द्राक्षाचा शब्द. तो शब्द आला तेव्हा त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथं तुमची दोन बोटं असायची. माझा आवाज बाईच्या गळ्यातून जाऊन तुमच्या बोटांत उतरायचा, आणि तिथून माझी चूक निघायची. धडा भरतानाही असंच. पहिल्या दोन कॅसेट सोडल्या तर मशीन काकू चालवायच्या. तुम्ही वाक्य म्हणायचात, तळहात स्टुलावर. ते टक काकूंचं होतं. तुम्हाला लाकडातून कळायचं. मग त्या ओठातल्या ओठात ते वाक्य पुरं म्हणायच्या, आणि त्यांचे ओठ थांबले की तुम्ही पुढचं घ्यायचात. ती मोकळी जागा, जी कधी कमी पडली नाही, कधी उरली नाही, ती माझ्या मापाची नव्हती. त्यांच्या मापाची होती. प्रत्येक वाक्य माझ्याआधी त्या म्हणून मोकळ्या झालेल्या असायच्या.

म्हणजे मी कॅसेटवर शिकलोच नाही. दोन माणसं एका खोलीत, उजेडात, समोरासमोर तोंड करून बसली म्हणून मी शिकलो. तुमचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं आहे याचा पुरावा तुम्ही रोज घरात देत होतात, आणि मला तोंडावर म्हणालात, बरं बाबा, तू जिंकला.

मी ओरडलो तो तेव्हा. काकूंनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, माठाकडे तोंड करून बोलू नका, इथंच बोला.

राग शांत झाल्यावर मी त्यांना सहज विचारलं, अर्थ कळायचा का तुम्हाला? त्या म्हणाल्या, म्या तं नुसती कॅसेट लावत होती. मी म्हटलं, बरं. आणि मग मी अरबीत म्हटलं, ही द्राक्षं महाग आहेत. काकूंनी वर पाहिलं. थेट माझ्या तोंडाकडे. आणि अरबीत म्हणाल्या, मग घेऊ नका, दुसरं गिऱ्हाईक येईल. द्राक्षाचा तो आवाज गळ्याच्या तळातून, असा स्वच्छ, की शारजाच्या त्या म्हाताऱ्यानं तराजू सोडून पाहिलं असतं. हे वाक्य कुठल्याही कॅसेटवर नाही. मला पाठ आहेत सगळ्या. ते त्यांचं स्वतःचं होतं.

माझं गाऱ्हाणं मी मागे घेतो, उस्ताद. मला तुम्ही फसवलं त्यात माझा फायदाच झाला, आणि फायद्याच्या सौद्याबद्दल मी तक्रार करत नाही. कान गेलेल्या माणसानं एका शिवराळ पोराला परकी बोली बोलायला लावली. मी आज जो उभा आहे तो त्यावर उभा आहे. तुमच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं, ते राहून गेलं.

पण काकूंचं काय? त्या खोलीतून किती जण शिकून गेले. आम्ही सगळ्यांनी तुम्हाला उस्ताद म्हटलं. काकूंच्या हातचा चहा पिऊन तुम्हाला उस्ताद म्हटलं. बेल्लमपल्लीच्या पुढं न गेलेल्या त्या बाईनं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली अरबी जिभेवर घेतली आणि आजही म्हणते, म्या नुसती कॅसेट लावत होती. हे तिला कुणी म्हणायला शिकवलं? तुमचे कान गेले हे लपवलं, समजू शकतो. पोटाचा प्रश्न होता. पण तिचे कान, तिचा गळा, तिचे ओठ, हे का लपवलं? बाजारहत्नूरचे दोघं तेराव्यालाच विचारत होते की आता शिकायला कुठं जावं. मी काकूंकडे बोट दाखवलं. दोघं हसले. काकूही हसल्या. मला हसू आलं नाही.

मी मेलेल्या माणसाला सोडणारा नाही. हे सगळं मी कागदावर लिहिलं आहे आणि जसंच्या तसं एका कॅसेटवर बोललो आहे. उद्याच्या बसनं ती वांग्यांसोबत बेल्लमपल्लीला येते आहे, दुसरी बाजू तुमच्या उत्तरासाठी कोरी ठेवून. काकू ती लावतील. एकेक वाक्य ऐकून थांबवतील, तुमच्या फोटोकडे तोंड करतील आणि म्हणतील. शब्द माझे असतील, पण या वेळी विचारणाऱ्या त्या असतील. मग त्या स्टुलावर टक करतील. टक वाजलं की बोलायचं, गप्प राहायचं नाही, हा तुमचाच नियम.

बोला उस्ताद. आखिर कलाम?